वास मी घेतला होता

पितो. लिहा की. पितो असं लिहा आणि मोकळ्या व्हा — पेन का थांबलं? भाऊ दारू पितो का, तुम्ही विचारलंत. पितो, मी सांगितलं. आता परत तेच विचारून माझ्या तोंडून दुसरं काय काढणार आहात? बसा आधी. तीन जिने चढून आलात, धाप लागलीय तुम्हाला — त्या ट्रंकेवर बसा, ती मोडत नाही. पाणी देते. आमच्या घरचं पाणी चालतं ना? राग मानू नका, डॉक्टरीणबाई, विचारावं लागतं. शिकलेलं माणूस आमच्याकडचं पाणी पितंच असं नाही. मागं एक बाई देवी टोचायला आली होती, भर उन्हाळ्यात ओठ सुकले होते तिचे, तरी प्रत्येक दारात म्हणायची, आत्ताच प्याले हो. चारही मजले आत्ताच प्याली. — प्यालात. अख्खा पेला प्यालात. बरं केलंत. आता बोलू आपण.

मी सुंदराबाई. तुमच्या त्या पिवळ्या पडलेल्या केसपेपरावर जवळचं माणूस म्हणून जे नाव आहे ते माझं. गुणाजीची थोरली बहीण. आई मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि मी सोळाची, म्हणजे बहीण म्हणा नाहीतर आई म्हणा. तो मला बाय म्हणतो, आमच्या कोकणात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. म्हणायचा. अकरा महिने झाले, त्यानं या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. मालनला घेऊन — मालन त्याची बायको — अँटॉप हिलच्या बाजूला कुठं झोपडं बांधून राहतो, एवढं कानावर आहे. बघायला गेले नाही. आणि आज तुम्ही येऊन सांगता, काल दुपारी डिलाईल रोडला गिरणीच्या गेटजवळ पडला होता, पोलिसांनी दारूडा म्हणून उचलला, तुमच्या हॉस्पिटलात आणून टाकला, आणि — काय म्हणालात? हाताला बेडी? खाटेला अडकवून?

हं.

कायदाच आहे तसा. दारूबंदी आहे. परमिटवाल्या साहेबानं प्यावी, गुणाजीनं पिऊ नये. उद्या सकाळी पोलीस घेऊन जाणार ना त्याला? जाऊ दे. बसेल चार दिवस आत. मीही बसलेय — संयुक्त महाराष्ट्रासाठी, सत्याग्रहात, पंधरा दिवस, या वयात, आणि बाहेर आले ती घोषणा देतच आले. आत बसून माणूस मरत नाही. — मरेल? तो? कशानं? पोटाच्या ऑपरेशननं? अहो, सात वर्षं झाली त्याला. जखम कधीच भरली, टाका सुद्धा दिसत नाही नीट. सात वर्षांनी कुठलं ऑपरेशन मारतं माणसाला?

बरं, मानलं. तुमचं शिक्षण, तुमचं ज्ञान. मारत असेल. मग तुमच्या वॉर्डात ठेवा त्याला, औषध द्या, मला कशाला गाठलंत? मी पितो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय — अडतंय? माझ्यावर? असं कसं? — म्हणजे हवालदार इथं येऊन गेला. आमच्या शामरावाकडे. शामराव आमच्या मंडळाचे सेक्रेटरी, सरळ माणूस, वही काढून दाखवली असेल त्यांनी. त्या वहीत आहेच ते. गेल्या बुद्धपौर्णिमेचा ठराव — गुणाजी भर कार्यक्रमात दारू पिऊन आला, खात्री त्याच्या सख्ख्या बहिणीनं केली. आणि तुमचे मोठे डॉक्टर म्हणतात, सख्खी बहीण सांगते तर आता तपासायचं काय राहिलं, द्या पोलिसांच्या ताब्यात. आणि मालन तिथं बसून रडतेय, पीत नाही पीत नाही म्हणतेय, पण बायको तसंच म्हणणार. बरोबर आहे त्यांचं. बायको तसंच म्हणते. बहीण कशाला खोटं बोलेल?

पितो. लिहा.

नाही, पिताना नाही बघितलं. पिताना कोण कोणाला दाखवून पितं? पण मला कळतं, बाई. या चाळीत हातभट्टीचे तीन अड्डे होते. मी महिला मंडळाची अध्यक्ष. मडकी फोडली मी, या हातांनी, लुगड्याचा पदर खोचून, आणि भट्टीवाल्यानं चाकू दाखवला तेव्हा गुणाजीच माझ्या मागं उभा होता, काडीसारखा, पण उभा होता. मी दारूडे बघितलेत. माझा नवराच होता, देव त्याला — नाही, देव नाही म्हणत मी आता. जीभ वळते अजून कधी कधी. तर मला कळतं. घाम सुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, चालताना पाय भलतीकडे, आणि एरवी मुंगीला न दुखवणारा माणूस आईबहिणीवरून शिव्या देतो. गुणाजीचं सगळं असंच. सगळं. मग आणखी काय असतं दारूडा म्हणजे?

पहिल्यांदा कधी? सत्तावन्न साली. आमच्या समितीची माणसं निवडून आली तेव्हा. सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं होतं, बीडीडीच्या मैदानात गुलाल, डिलाईल रोडला हलवायानं परातीच्या पराती जिलबी काढली, आणि गुणाजी — त्याला फार वेड संयुक्त महाराष्ट्राचं, गोळीबाराच्या दिवशी फाउंटनला होता तो — त्यानं खाल्ली असेल सहासात वेढे. दुपारी मिरवणुकीत चालता चालता समितीच्याच एका स्वयंसेवकाची गचांडी धरली. मला म्हणाला, कोण तू? मला. घामानं निथळत होता. लोक हसले, म्हणाले, गुणाजीला विजय चढला. मीही हसले तेव्हा.

किती वाजता खाल्ली? आता हे काय विचारणं? दहा-साडेदहाला खाल्ली, बारा-साडेबाराला झिंगला. बरं, मग? — नाही, दुसऱ्या वेळी जिलबी नव्हती. दुसऱ्या वेळी घरीच होता, मी शिरा केला होता. तिसऱ्या वेळी गुळाची लापशी. नंतर एकदा — थांबा जरा. तुम्ही खाण्याचंच काय घेऊन बसलात मघापासून? मी दारूचं बोलतेय, तुम्ही ताटातलं मोजताय.

ऑपरेशन मीच करवलं त्याचं. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. रिंग खात्यात होता तो, सूत कातायच्या. आमच्या लोकांना कापड खात्यात घेत नव्हते ना, तिथं धोट्याला तोंड लावून सूत ओढून ओवावं लागतं, आमच्या तोंडचा धोटा त्यांना चालत नव्हता, म्हणून आम्ही सगळे रिंगमध्ये. तर पाळी करून यायचा आणि पोट धरून इथं जमिनीवर गडबडा लोळायचा. रक्ताच्या उलट्या. तुमच्या त्या वेळच्या सर्जननं सांगितलं, पोटात व्रण आहे, पिशवीचा अर्ध्याहून जास्त भाग काढून टाकावा लागेल, खालचं आतडं वर जोडू. मालन घाबरली. मी म्हटलं, कापा. अंगठा मालनचा, पण जबान माझी. आणि बरा झाला बघा. उलट्या थांबल्या, दुखणं गेलं. फक्त वाळला. गालाची हाडं वर आली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा अंगावर. मग मीच — कुणी घालणार दुसरं? — सकाळी तांदळाची पेज गूळ घालून, दुपारी शिरा, चहात तीन चमचे साखर, रताळी उकडून. बोंबील, सुकट त्याला आवडायचं, पण मी म्हणायचे, नको, कापलेलं पोट आहे, मऊ खा, गोड खा, अंगाला लागेल. — का? का मान हलवताय तुम्ही?

हसू येतं मला. म्हणजे तुमच्या त्या इंग्रजी मासिकात आलंय की अमेरिकेत लठ्ठ माणसं बारीक व्हायला आतड्याची अशी कापाजोड करून घ्यायला लागलीत? मुद्दाम? दुखत-खुपत नसताना? कमाल आहे. इथं माझ्या भावाला चार दाणे अंगाला लागावेत म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि तिथं अंगाला लागू नये म्हणून — आणि त्यांनाही होतं हे? वर्षांनी? चांगला हिंडता-फिरता माणूस, चार-पाच वर्षांनी जेवून उठतो आणि दोन तासांनी झिंगतो. अमेरिकेतसुद्धा त्यांना दारूडे म्हणतात? — काहींना म्हणतात. बघा. म्हणजे चूक फक्त आम्हीच करतो असं नाही.

परत सांगा. सोपं करून सांगा, मी चौथी सुद्धा शिकलेले नाही, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवलीत, पण मला समजतं. पोटाची पिशवी असते, तिच्या खालच्या तोंडाशी दार असतं. अन्न ती थोडं थोडं खाली सोडते. ते दारच कापून टाकलं. म्हणजे कसं, की गिरणीच्या गेटवरचा दरवान काढून टाकला, आणि भोंगा झाल्याबरोबर सगळी पाळी एकदम आत घुसली. बरोबर? गोड खाल्लं की साखर धावत रक्तात. शरीर घाबरतं. एवढी साखर बघून ते तिला खाली दाबतं, आणि दाबता दाबता इतकी दाबतं की डोक्यालाही पुरत नाही. मग घाम. मग थरथर. मग माणूस बहिणीला विचारतो, कोण तू. आणि सगळ्यांना होत नाही हे, शंभरात एखाद्याला एवढं होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. — म्हणजे शिरा मी करत होते. पेज मी देत होते. मालन म्हणायची, आक्का, यांना जेवल्यावर दोन तासांनी काहीतरी होतं, मी म्हणायचे, तू गप बस, तुला काय कळतं, दोन घास जास्त घाल त्याला.

पण दारू वेगळी. तुम्ही मला बोलण्यात गुंतवू नका. बाकीच्या वेळचं साखरेचं असेल, पौर्णिमेचं नाही. पौर्णिमेला मी स्वतः होते तिथं. विहारात — विहार म्हणजे पत्र्याचीच शेड आहे, मैदानाच्या कडेला, पण आम्ही वर्गणी काढून बांधलीय. तीनशे माणूस. सकाळी खीर वाटली. खीर मीच केली होती, पहाटे चारपासून चुलीशी होते. गुणाजीला दोन वाट्या दिल्या, कारण बाराला त्याला उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या होत्या, त्यानं पुढं म्हणायच्या आणि सगळ्यांनी मागं, आवाज खणखणीत त्याचा. तर बाराला उभा राहिला. पहिल्या दोन-तीन नीट म्हणाला. मग अडखळला. मग तीच प्रतिज्ञा परत, परत तीच, जीभ जड, माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शामराव त्याला धरायला गेले तर त्यांना ढकललं, घाणेरडी शिवी दिली, आणि बुद्धाच्या तसबिरीपुढं आडवा झाला. डोळे वर. तोंड उघडं. मी वाकले त्याच्यावर, अगदी नाकाजवळ नाक नेलं, घामानं केस चिकटलेले आणि तोंडाला नुसता वेलदोड्याचा वास —

काय?

काय म्हणाले मी? — वेलदोड्याचा म्हणाले. खिरीत घातला होता. त्यात काय झालं?

अशा बघू नका माझ्याकडे. तुम्ही पोलीस नाही. तुम्ही काल-परवा जन्मलेली पोर आहात, गळ्यात ती नळी अडकवली म्हणून माझी जबानी घ्यायला बसलात? मी या चाळीतल्या शंभर पुरुषांना उभं-आडवं घेतलंय. मला कुणी खोटं पाडलेलं नाही आजवर, कारण मी खोटं बोलत नाही, सगळी चाळ जाणते, सुंदराबाई म्हणाली म्हणजे झालं. म्हणून तर शामरावांनी मला विचारलं. तीनशे माणसांसमोर विचारलं — सुंदराबाई, तुम्ही बहीण, तुम्ही सांगाल ते आम्ही धरू. वास येतो का?

तुला ठाऊक नाही, पोरी, तिथं आणखी काय चाललं होतं ते. माझ्या पाठीमागं. कोंडीराम होता. कोंडीराम आमच्याच भावकीतला, पूर्वी देवऋषी होता. अमावास्या-पौर्णिमेला त्याच्या अंगात मरीआई यायची, लिंबू उतरवायचा, कोंबडं घ्यायचा, बायका पाय धरायच्या. बाबासाहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर आम्ही सगळ्यांनी दीक्षा घेतली, त्यानंही घेतली. घरी आलो आणि मी देव्हारे काढायला लावले. प्रत्येक खोलीतले. खंडोबाचा टाक, मरीआई, म्हसोबा, पिढ्यान्‌पिढ्या तेल प्यालेले दगड — सगळे टोपल्यांत भरले आणि वरळीच्या समुद्रात. टोपली गुणाजीच्या डोक्यावर होती. तो पुढं, मी मागं. बायका दारं लावून आत रडत होत्या. एक म्हातारी म्हणाली, सुंदरे, आई कोपेल. मी म्हटलं, कोपू दे, इतकी वर्षं प्रसन्न होती तेव्हा काय दिलं तिनं.

आणि मग गुणाजीला हे व्हायला लागलं. कळतंय का तुला? ज्याच्या डोक्यावर टोपली होती त्यालाच. नळावर कुजबुज सुरू झाली. माझ्यासमोर नाही, माझ्यासमोर कोण बोलेल. पण मी पाण्याला गेले की बायका गप्प व्हायच्या. कोंडीराम सगळ्यांना सांगत फिरायचा, ती दारू नव्हे, ती आई आहे, समुद्रातनं परत आलीय, टोपलीवाल्याला धरलंय. दोन-तीन घरांत परत कोनाड्यात काहीतरी ठेवलंय, वर फडकं टाकून, हे मला माहीत होतं. आणि त्या दिवशी विहारात, बुद्धाच्या तसबिरीसमोर, मी वाकून वास घेत होते ना — मागं कोंडीरामानं हात जोडले. मोठ्यानं म्हणाला, आली गं माय. आणि मी मान वर करून बघते तर चार बायकांनी पदर डोक्यावर घेतलेला. एक माझ्या बरोबरीची, माझ्याबरोबर तुरुंगात बसलेली, ती गुडघ्यावर येऊन गुणाजीच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलेली. माझ्या भावाच्या पायांवर. मरीआई म्हणून.

तू असतीस तर काय बोलली असतीस?

वास नव्हता. साधा तंबाखूचाही नव्हता. मी म्हटलं, येतो. दारू प्यालाय.

एका क्षणात सगळं बदललं. ती वाकलेली बाई मागं सरकली, तोंडाला पदर लावला. देवीचे पाय धरतात, दारूड्याचे कोण धरतं? कोंडीरामाचे हात खाली आले. मी जिंकले, डॉक्टरीणबाई. त्या दिवशी त्या शेडमध्ये मरीआईला पाय ठेवू दिला नाही मी. आणि मला वाटलं, गुणाजीचं काय, गुणाजी घरचाच आहे, दोन दिवस लोक बोलतील, मग माफी मागेल, मिटेल. दारूडे काय कमी आहेत का चाळीत? दारू सुटते. अंगात आलेलं सुटत नाही, पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही.

मालननं त्याला गुळाचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत उठून बसला, स्वच्छ, जसा काही झोपेतनं. त्यानं तर आणखी घात झाला, लोक म्हणाले, बघा, सोंग करत होता, उतरली बरोबर. शामरावांनी विचारलं, माफी मागतोस? तो म्हणाला, मी प्यालोच नाही तर माफी कसली मागू? मग माझ्याकडे वळला. म्हणाला, बाय, तू वास घेतलास ना?

घेतला, म्हटलं मी.

खोटं नव्हतं ते. घेतलाच होता.

तो बघत राहिला माझ्याकडे. मला वाटलं, पुढचं विचारेल, कसला होता, खरं सांग म्हणेल. विचारलं असतं तर मी — माहीत नाही काय म्हटलं असतं. नाही विचारलं त्यानं. मान खाली घातली. त्याला कळलं, पोरी. दोन वर्षांचा असल्यापासून माझं तोंड वाचतोय तो. दुसऱ्या दिवशी मालननं भांडी बांधली. खात्यातल्या लोकांनी जॉबरला सांगितलं, जॉबरनं साहेबाला, मशीनवर दारूडा नको म्हणून काढला, वीस वर्षांची नोकरी. काल बदलीचं काम मिळतंय का बघायलाच आला असेल गेटवर. — आणि तिथं बुंदी वाटत होते? कसली? हां, बिल पास झालं म्हणून. महाराष्ट्र होणार म्हणून. खाणारच तो. त्याच्यासाठी फाउंटनला जीव धोक्यात घातलेला, तो मूठभर बुंदी खाणार नाही?

मी दोनदा निघाले होते त्याच्याकडे. एकदा दादरपर्यंत गेले. परत आले. काय सांगणार होते जाऊन? तू प्याला नव्हतास हे मला ठाऊक आहे, पण तू प्यालास असंच राहू दे, कारण तू प्याला नसलास तर देवी खरी ठरते? हे भावाला सांगायचं? आणि बाहेर सांगायचं तर सुंदराबाई खोटी ठरते, आणि ती एका गोष्टीत खोटी म्हणजे मग सगळ्यातच, टोपली समुद्रात टाकली त्यातसुद्धा. अकरा महिने मी हेच करतेय, इथं बसून, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

आणि सगळा वेळ ती साखर होती. ना दारू, ना देवी. तिसरंच काही असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी, जी लोकांना सांगते डोकं चालवा. वास नव्हता तर मग हे आहे काय, एवढा एक प्रश्न मी विचारला असता, त्याला धरून तुमच्या हॉस्पिटलात आणलं असतं, तर — नको, समजूत घालू नकोस माझी. ते तुझं काम नाही. तुझं काम पेनाचं आहे. उघड ते.

उद्या तुरुंगात त्याला सकाळी गोड चहा देतील आणि पातळ कांजी, आणि दहाला तो थरथरायला लागला की दारू उतरतेय म्हणून कोपऱ्यात लोटतील. आणि गुळाचं पाणी पाजायला मालन नसेल तिथं. असंच ना? एवढं सरळ मघाशी का नाही सांगितलंस? — सांगितलंस. मी ऐकलं नाही. बरं.

लिही. मी सुंदराबाई, राहणार बीडीडी चाळ, वरळी. माझा भाऊ गुणाजी दारू पीत नाही. कधीच प्यालेला नाही. — एवढं पुरे नाही, थांबू नकोस. गेल्या बुद्धपौर्णिमेला त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला होता आणि मी खोटं बोलले. हेच शब्द लिही, त्यात 'चुकीनं' वगैरे घालू नकोस. चूक नव्हती ती. का बोलले ते लिहू नकोस, ते तुमच्या मोठ्या डॉक्टरांना कळायचं नाही, आणि पोलिसांना तर नकोच. ते मी इथं सांगेन. आज पाचला बैठक आहे विहारात, महाराष्ट्र दिनाला मिरवणूक कशी काढायची त्याची. सगळे असतील. शामराव असतील, कोंडीराम पहिल्या रांगेत असेल. वही काढायला लावते शामरावांना. ती साखरेची गोष्ट मला आता नीट येते, दरवानाची. कोंडीरामाला कळेपर्यंत सांगेन. नाही कळली तर उद्या परत सांगेन. मला खोटी म्हणतील. म्हणू देत, आहेच.

इकडं दे. वाचून बघते आधी. — हां. इथं करायची ना सही? धर. शाई ओली आहे, घडी लगेच घालू नकोस.

त्याला काय खायला द्यायचं ते मालनला सांग, नीट सांग, दोनदा सांग. सुकट-बोंबील चालतं म्हणालीस ना? अंडं चालतं. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. तिचं ऐका म्हणावं, घरात कुणीतरी तिचं ऐका.

त्यानं — त्यानं माझं नाव घेतलं का गं? कागदावरचं नव्हे. शुद्धीवर आल्यावर. जवळचं कोण आहे विचारलंत तेव्हा.

नको. नको सांगू. तुझं तोंड वाचता येतं मला.

बैठक आटपली की येते मी तिकडं. पण तू त्याला सांगू नकोस बाय येतेय म्हणून. आधी कळलं तर तो नको म्हणेल. समोर उभी राहिले तर काय म्हणायचं ते म्हणू दे. तू मध्ये पडू नकोस, आणि मालनलाही पडू देऊ नकोस.

जा आता. पोलीस सकाळी येणार म्हणालीस, मोठे डॉक्टर संध्याकाळी घरी जात असतील, त्याच्या आत तो कागद त्यांच्या हातात पडला पाहिजे. माझं काय बघत बसलीस? मला लुगडं बदलायचंय. जा, दार ओढून घे.